शेतावरच्या शेडची राखण: कडी, कुलूप, अलार्म आणि कॅमेरा यांची पारख

वस्तीपासून लांब असलेली अवजारांची शेड, मोटारीची खोली, चाऱ्याचं किंवा बियाण्याचं गोदाम अशा जागांसाठी सुरक्षेची म्हणून जी साधनं मिळतात, त्यातली बरीचशी मुळात राहत्या घरासाठी बनवलेली असतात. घराला शेजार असतो. दार फोडल्याचा आवाज कुणाच्या तरी कानावर जातो, म्हणून चोर घाईत असतो. शेडवर रात्री कुणीच नसतं. तिथे चोर टॉर्च लावून, हत्यारं मांडून सावकाश काम करू शकतो. त्यामुळे घराला उत्तम ठरलेली वस्तू इथे कुचकामी निघू शकते.

खाली प्रत्येक साधन दोनच कसोट्यांवर तपासलं आहे. ते चोराला किती मिनिटं अडवतं, आणि तेवढ्या मिनिटांत जागेवर पोचू शकेल अशा माणसाला खबर मिळते का. या कसोट्या लावल्या की खर्चाचा क्रम आपोआप ठरतो: आधी कडीकोयंडा आणि बिजागऱ्या, मग कुलूप, त्यानंतर खबर देणारा अलार्म, आणि सगळ्यात शेवटी कॅमेरा. बहुतेक ठिकाणी सुरुवात कॅमेऱ्यापासून होते आणि कडी मात्र जुनीच, चार स्क्रूंवर लोंबकळत राहते.

कडीकोयंडा

शेड फोडताना कुलपाला हातही न लावणं ही नेहमीची पद्धत आहे. पहारीचं टोक कडीच्या पट्टीमागे घालायचं आणि रेटायचं. लाकडी दारात २५ मि.मी.चे स्क्रू असतील तर पट्टी स्क्रूंसकट उपटून येते, आणि जड, महागडं कुलूप जसंच्या तसं बंद अवस्थेत जमिनीवर पडतं. लाकूड पावसाने भुसभुशीत झालेलं असेल तर पहारही लागत नाही.

पत्र्याच्या पट्टीतून दाबून काढलेली, २ मि.मी. जाडीची, स्क्रू बाहेरून दिसणारी कडी शेडसाठी घेऊच नये. रंग चमकदार असला, सोबत छोटं कुलूप फुकट मिळत असलं तरीही नको. घ्यायची ती पोलादी, निदान ५ मि.मी. जाडीच्या पट्टीची. तिचा कोयंडा वाकवलेल्या सळईचा नको. कठीण केलेल्या पोलादाचा, पट्टीशी पूर्ण वेल्ड केलेला हवा. कडी बंद झाल्यावर तिचा पल्ला सगळ्या बोल्टांची डोकी झाकतो का, हे दुकानातच बंद करून पाहावं. एखादं जरी डोकं उघडं राहिलं, तरी तिथूनच पान्याने कडी उतरते.

बसवण्याचं काम कडीइतकंच महत्त्वाचं आहे. स्क्रू टाकून द्यावेत आणि एम १० चे, म्हणजे १० मि.मी. जाडीचे, कॅरेज बोल्ट घ्यावेत, कडीच्या बाजूला चार आणि कोयंड्याच्या बाजूला किमान दोन. कॅरेज बोल्टचं डोकं गोल आणि गुळगुळीत असतं, बाहेरून त्याला पाना लागत नाही. डोक्याखालचा चौकोनी भाग पट्टीच्या चौकोनी भोकात घट्ट बसतो, त्यामुळे बोल्ट फिरतही नाही. दाराच्या आतल्या बाजूने कडीच्याच आकाराची ५ मि.मी. जाडीची पोलादी पट्टी लावावी आणि बोल्ट तिच्यातून पार काढावेत. नुसत्या वॉशरवर बसवलेला बोल्ट जोराच्या रेट्यात लाकूड फोडून बाहेर येतो. आतल्या पट्टीमुळे तो जोर रुंद जागेवर पसरतो. नट आवळून झाल्यावर उरलेले आटे कापावेत आणि टोक हातोडीने ठेचावं, किंवा नटाला वेल्डिंगचा एक टाका मारावा. पट्टी जस्ताचा मुलामा दिलेली असेल तर वेल्डिंगच्या जागेचा मुलामा आधी घासून काढावा आणि काम मोकळ्या हवेत करावं, कारण जळणाऱ्या जस्ताचा धूर छातीला बाधतो.

पत्र्याच्या दारात अडचण वेगळी असते. पत्रा पातळ, त्यामुळे त्यावर कितीही जाड कडी लावली तरी पत्राच फाटतो. कडी दाराच्या आतल्या अँगलच्या किंवा चौकोनी पाइपच्या चौकटीवर आली पाहिजे. तिथे चौकट नसेल तर आधी ४० मि.मी.चा अँगल आडवा बसवून घ्यावा. कोयंडा ज्या खांबावर येतो तो खांबही हलवून पाहावा. विटांच्या भिंतीत प्लॅस्टिकच्या खुंटीवर धरलेला कोयंडा पहारीच्या पहिल्या झटक्यात निघतो. तिथे रासायनिक अँकर (भोकात भरल्यावर घट्ट होणारा चिकट मसाला) वापरून, काठापासून निदान १०० मि.मी. आत भोक पाडून दांडा बसवावा. काठाजवळ भोक पाडलं की वीट तडकते.

एकाच दुरुस्तीपुरते पैसे असतील, तर ते इथे घालावेत.

कुलूप

कुलपाच्या वेष्टणावर 'हाय सिक्युरिटी' असं कुणीही छापू शकतं. त्याऐवजी ईएन १२३२० या युरोपीय मानकाची श्रेणी शोधावी. त्यात सुरक्षेच्या १ ते ६ अशा पायऱ्या आहेत, ६ सगळ्यात वरची. आडबाजूच्या शेडला ४ च्या खालचं कुलूप घेऊ नये. याच मानकात गंज न धरण्याची श्रेणी वेगळी दिलेली असते. उघड्यावर टांगायच्या कुलपासाठी तीही पाहावी, कारण घरात दहा वर्षं टिकणारं कुलूप पावसात दुसऱ्याच हंगामात किल्ली धरेनासं होऊ शकतं.

पहिली परीक्षा शॅकलची, म्हणजे कुलपाच्या अर्धगोल दांड्याची. साध्या पोलादाचा ६ ते ८ मि.मी.चा दांडा ६०० मि.मी. लांब हँडलच्या बोल्ट कटरने एका दाबात तुटतो. कठीण केलेला बोरॉन पोलादाचा ११ मि.मी.पेक्षा जाड दांडा असेल, तर हाताच्या कटरने काम अवघड होतं, ९०० मि.मी.च्या कटरनेही दमछाक होते. पण जाडीपेक्षाही दांडा किती उघडा आहे हे जास्त मोलाचं. बंद शॅकलच्या कुलपात दोन्ही बाजूंना कुलपाचेच खांदे वर आलेले असतात आणि दांड्याचा जेमतेम कोयंड्यापुरता भाग दिसतो. कटरचा जबडा तिथे शिरत नाही, पहारीचं टोकही शिरत नाही. शेडसाठी हाच प्रकार घ्यावा.

घेण्याआधी कोयंड्याचं भोक मोजावं. १४ मि.मी.चा दांडा १२ मि.मी.च्या भोकात जात नाही, हे घरी आल्यावर कळतं आणि मग बारीक कुलपावर वेळ निभावली जाते. बंद शॅकलच्या कुलपाचे खांदे कोयंड्याच्या पट्टीला अडतात का, हेही पाहावं. शक्य असेल तर कडी आणि कुलूप एकाच वेळी, एकमेकांत घालून बघूनच घ्यावीत.

दुसरी परीक्षा आतली. दांडा आत स्प्रिंगच्या खिट्टीने अडकतो की दोन्ही बाजूंनी पोलादी गोळ्यांनी? खिट्टीच्या कुलपात दांड्याच्या कडेने पातळ पत्र्याची कातरलेली पट्टी सरकवली की खिट्टी मागे जाते आणि कुलूप किल्लीशिवाय उघडतं, आवाज न करता. गोळ्यांच्या कुलपावर ही युक्ती चालत नाही. शिवाय दांडा दोन्हीकडे धरलेला असल्याने तो एका जागी कापून फिरवता येत नाही, दोन काप घ्यावे लागतात. दांडा दाबताक्षणी किल्लीशिवाय 'खट्' करून बंद होणारी कुलपं बहुधा खिट्टीची असतात. बंद करायला किल्ली फिरवावीच लागत असेल, तर ते चांगलं लक्षण समजावं.

किल्लीच्या यंत्रणेत शेतावरच्या धुळीला सगळ्यात चांगलं तोंड देतात ती फिरत्या चकत्यांची कुलपं. ही रचना फिनलंडमध्ये एमिल हेन्रिक्सन यांनी १९०७ साली शोधली आणि आब्लॉय कंपनीची कुलपं आजही याच तत्त्वावर बनतात. चकत्यांना स्प्रिंग नसतात, त्यामुळे भुसा, माती किंवा थंडी यांनी पिन अडकून बसण्याचा प्रश्न येत नाही. आबुस कंपनीच्या ग्रॅनिट मालिकेतली कुलपंही चकत्यांचीच आहेत. किल्ली गुंतागुंतीची असते आणि कुठल्याही किल्लीवाल्याकडे सहज निघत नाही. हा फायदाही आहे आणि गैरसोयही, म्हणून सोबतच्या सगळ्या किल्ल्या आणि नोंदणीचं कार्ड पहिल्याच दिवशी घरात जपून ठेवावं.

पितळी कुलूप गंजत नाही, पण पितळ मऊ असतं. करवत, ड्रिल, हातोडा सगळ्यांपुढे ते नमतं. फाटकाला गुरं अडवण्यापुरतं ते ठीक आहे, शेडला नको. आकड्यांच्या कुलपाचा मोह किल्ली सांभाळायला नको म्हणून होतो. स्वस्त आकडेकुलपात दांडा ताणून एकेक चकती फिरवली की बोटाला आकडा जाणवतो. फोनवर उघडणारी कुलपं या कामासाठी मुळीच घेऊ नयेत. बॅटरी, रबरी सील आणि ॲप या तीनही गोष्टी पाऊस, ऊन आणि नसलेल्या रेंजपुढे केव्हा ना केव्हा हात टेकतात, आणि अनेकदा आतला सांगाडा जस्ताच्या ओतकामाचा असतो.

ग्राइंडरबद्दल स्पष्ट बोलायला हवं. बॅटरीवरचा ग्राइंडर आणि १ मि.मी.ची कापणी चकती यांच्यापुढे १२ मि.मी.चा कठीण दांडाही मिनिटा-दोन मिनिटांत संपतो. ग्राइंडरला दाद न देणारी कुलपं अलीकडे आली आहेत. हिपलॉक कंपनीचं डी १००० हे ग्राफीन मिसळलेल्या आवरणाचं कुलूप चकतीच झिजवून टाकतं. पण ते दुचाकीसाठी, यू आकाराचं आहे. शेडच्या कडीत बसत नाही. ट्रॉली किंवा क्वाड बाइक (चार चाकांची मोटारसायकल) जमिनीतल्या अँकरला बांधायला मात्र ते उत्तम. दारासाठी जास्त व्यवहारी उपाय म्हणजे लॉकबॉक्स: कुलपाभोवती ६ मि.मी.च्या पोलादाची, फक्त खालून हात जाईल एवढी पेटी वेल्ड करायची. मालवाहू कंटेनरच्या दारांवर ती दिसते. ग्राइंडरच्या चकतीला दांड्यापर्यंत पोचण्याची जागाच राहत नाही. किल्ली चाचपडत लावावी लागते, एवढाच त्रास. पेटीची खोली ठरवताना हातमोजा घातलेला हात आत फिरतो का, ते पुठ्ठ्याचा साचा करून आधी पाहावं.

देखभाल सोपी आहे, पण चुकीची केली तर कुलूप बिघडवते. खाण्याचं किंवा इंजिनचं तेल आत सोडू नये. त्यावर धूळ बसते आणि काळा लगदा तयार होतो. डब्ल्यूडी-४० हा डब्यातला फवारा पाणी हटवण्यासाठी आहे, कायमचं वंगण म्हणून नाही. कुलूप धुऊन, सुकवून मग ग्राफाइटची भुकटी किंवा कोरडं पीटीएफई (टेफ्लॉन) वंगण द्यावं, वर्षातून दोनदा. कुलूप किल्लीचं भोक खाली येईल असं टांगावं, म्हणजे पाणी साचत नाही.

बिजागऱ्या, फाटक आणि पत्रा

कडी आणि कुलूप पक्कं झालं की चोराची नजर दाराच्या दुसऱ्या बाजूला जाते. दार बाहेर उघडत असेल तर बिजागऱ्यांच्या खिळी बाहेर असतात. छिन्नीने खीळ वर ठोकली की दार बिजागरीकडून उघडतं आणि कुलूप आपोआप बिजागरी बनतं. खिळीच्या दोन्ही टोकांना वेल्डिंगचा टाका मारावा. लाकडी दारात याशिवाय बिजागरीच्या बाजूला दोन डॉग बोल्ट बसवावेत. दार बंद झालं की हे १० मि.मी.चे जाड खुंट चौकटीत शिरतात आणि खीळ काढली तरी दार जागचं हलत नाही.

शेताच्या फाटकाची गोष्ट याहून सोपी, आणि म्हणून जास्त दुर्लक्षित. फाटक दोन उभ्या खुंट्यांवर नुसतं ठेवलेलं असतं. दोन माणसं ते उचलून बाजूला ठेवतात, मग साखळी-कुलूप कितीही जाड असो. वरची खुंटी उलटी, टोक खाली करून बसवली की फाटक वर उचलता येत नाही. ती उलटवता येत नसेल तर खुंटीच्या टोकाला भोक पाडून बोल्ट घालावा किंवा वर वॉशर वेल्ड करावं. गाडी आत येऊ शकली नाही तर जड माल हातात उचलून न्यावा लागतो, त्यामुळे फाटकावरचा अर्ध्या तासाचा हा खटाटोप शेडमधल्या कुठल्याही उपकरणापेक्षा जास्त कामाला येतो.

पत्र्याच्या भिंतीचे स्क्रू हा उघडा दरवाजाच आहे. ते बहुधा ८ मि.मी. षटकोनी डोक्याचे असतात. हाताच्या नटरनरने (पेचकससारख्या पान्याने) एका पत्र्याचे खालचे सगळे स्क्रू आवाज न करता निघतात आणि पत्रा वाकवून माणूस आत जातो. जमिनीपासून २ मीटर उंचीपर्यंतचे स्क्रू बदलून एकाच दिशेने फिरणाऱ्या डोक्याचे लावावेत, किंवा मध्ये मध्ये ४.८ मि.मी.चे रिव्हेट मारावेत. नवीन स्क्रूखाली रबरी वॉशर आठवणीने घालावं, नाहीतर चोर नाही पण पाणी आत येईल. महागाचं सामान ठेवायच्या कोपऱ्यात तर पत्र्याच्या आतून ५० × ५० मि.मी. चौकटीची, ४ मि.मी. तारेची वेल्ड जाळी लावून एक पिंजराच करावा. एवढी मोठी शेड फोडता न येणारी करण्यापेक्षा तिच्या आत एक लहान मजबूत खोली करणं स्वस्त पडतं.

त्या पिंजऱ्यात सगळ्यात आधी काय जावं? पहार, शिडी, बोल्ट कटर, ग्राइंडर. चोर रिकाम्या हाताने येऊन शेडमधल्याच अवजारांनी पुढचं दार फोडतो. खिडक्यांना १२ मि.मी.चे गज, १०० मि.मी. अंतराने, भिंतीत गाडलेले असावेत, आणि काचेला आतून दुधी फिल्म लावावी. आत काय आहे हे बाहेरून दिसता कामा नये.

अलार्म

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, कारण सायरनचा आकडा पाहून खरेदी होते. ११० डेसिबल हा आकडा १ मीटरवरचा असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे १६ मीटरवर ८६, १२८ मीटरवर ६८, आणि ५१२ मीटरवर ५६ डेसिबल. एवढा आवाज साध्या बोलण्याइतका झाला. मध्ये झाडं आणि भिंती आल्या, घराच्या खिडक्या बंद असल्या, तर अर्ध्या किलोमीटरवर झोपलेल्या माणसाला काहीही ऐकू येत नाही. नुसता सायरन वाजवणारा बॅटरीवरचा अलार्म घराला लागून असलेल्या शेडपुरताच घ्यावा. लांबच्या जागेला फोन करणारा, सिमकार्डाचा अलार्म लागतो.

तो घेताना ४जीवर चालणाराच घ्यावा. अनेक देशांत २जी आणि ३जी सेवा बंद झाल्या आहेत किंवा होत आहेत, आणि जुना साठा अजून विकला जातो. तो एसएमएससोबत फोनही करतो का हे पाहावं, कारण झोपेत एसएमएसने जाग येत नाही. निदान तीन नंबर क्रमाने लावण्याची सोय हवी. पत्र्याची शेड रेडिओलहरी अडवते. त्यामुळे अँटेना वायरने बाहेर काढता येत नसेल तर ते यंत्र घेऊ नये. बसवण्याआधी शेडचं दार बंद करून, आत उभं राहून, त्याच कंपनीच्या सिमवरून फोन लावून बघावा.

सिमची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण अलार्म मुका होण्याचं ते मोठं कारण आहे. महिनोन्महिने वापर नसला की सिम बंद होतं आणि यंत्राचा दिवा मात्र हिरवाच राहतो. म्हणून दर आठवड्याला स्वतःहून 'ठीक' असा संदेश पाठवणारं यंत्र निवडावं. असा संदेश आला नाही हीच सूचना.

बॅटरीचा हिशेब डब्यावरच्या दाव्यावर सोडू नये. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी आणि ७० मिलिअँपिअर खाणारं यंत्र, म्हणजे कागदावर १०० तास. प्रत्यक्षात बॅटरी पूर्ण रिकामी करू नये आणि जुनी झाल्यावर तिची क्षमता घटते, म्हणून ५० ते ६० तास धरावेत. वीज तीन दिवस जाऊ शकत असेल तर मोठी बॅटरी किंवा सोलर पॅनेल जोडावं. वीज गेल्याची वेगळी सूचना देणारं यंत्र घ्यावं. मुख्य तार कापणं हा जुना डाव आहे.

संवेदक (सेन्सर) दोन प्रकारचे मिळतात. दारावरचा चुंबकी संपर्क साधा आणि भरवशाचा, पण दार वाऱ्याने हलत असेल तर रोज रात्री खोटा इशारा देतो. दार आधी घट्ट बसवावं आणि शेडसाठीचा रुंद फटीचा संपर्क घ्यावा. तो २५ मि.मी.पर्यंतचं हलणं सहन करतो. घरातल्या खिडकीचा नाजूक संपर्क इथे चालत नाही. दुसरा पीआयआर, जो उष्णतेतला फरक ओळखतो. त्याची कमजोरी उन्हाळ्यात कळते: पत्र्याच्या शेडमध्ये हवा ३५ ते ३७ अंशांवर गेली की माणसाचं अंग आणि मागची भिंत यांत फरकच उरत नाही, आणि १२ मीटरचा पल्ला काही मीटरवर येतो. म्हणून पीआयआर एकटा ठेवू नये, दारावर संपर्क हवाच. बसवताना तो २.१ ते २.४ मीटर उंचीवर, चोराची वाट आडवी कापेल अशा कोनात ठेवावा. थेट त्याच्याकडे चालत येणारा माणूस त्याला उशिरा दिसतो. समोर उन्हाने तापणारा पत्रा नको, खाली उंदरांचा रस्ता असलेलं फळकूट नको. भिंगावरचं कोळ्याचं जाळं महिन्याला पुसावं. भिंगासमोर हलणारा कोळी त्याला माणसाएवढा वाटतो.

सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) आणि पीआयआर एकत्र असलेला संवेदक धुळीच्या, उकाड्याच्या शेडमध्ये खोटे इशारे चांगले कमी करतो. मात्र भिंत लाकडाची किंवा प्लॅस्टिकच्या पत्र्याची असेल तर सूक्ष्मलहरी तिच्या पार जातात आणि बाहेरून जाणारं जनावरही हिशेबात येतं, तेव्हा त्याचा पल्ला कमी करून ठेवावा. खोट्या इशाऱ्यांचा हा एवढा बाऊ का, तर आठवड्यात तीनदा उगाच फोन आला की चौथ्यांदा कुणी उठत नाही.

कॅमेरा

सोलरवरचे ४जी कॅमेरे आकर्षक असतात आणि योग्य जागी ते उपयोगीही आहेत. पण ते चोराला अडवत नाहीत. त्यांच्याकडून मागायचं ते एकच: ओळखता येईल असा चेहरा किंवा वाहनाचा नंबर.

'४ मेगापिक्सेल, पल्ला ३० मीटर' हे वाचून फसगत होते. आयईसी ६२६७६-४ या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत, अनोळखी माणसाची ओळख पटवायला चित्रात दर मीटरला २५० पिक्सेल हवेत, आणि माहीत असलेला माणूस ओळखायला १२५. चार मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी २५६० पिक्सेल, म्हणजे ओळख पटायला दृश्य जेमतेम १० मीटर रुंद असू शकतं. १०० अंशांच्या भिंगात ही रुंदी सव्वाचार मीटर अंतरावरच गाठली जाते. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल तर अंतर ३.२ मीटर. त्यापलीकडे दिसते ती आकृती. म्हणून एक कॅमेरा सगळ्या अंगणावर रोखण्याऐवजी माणसाला जिथून जावंच लागतं अशा अरुंद जागी, दारापासून ३ ते ४ मीटरवर, २.५ मीटर उंचीवर लावावा. खांबावर ५ मीटर वर लावला तर टोपीचा वरचा भाग मिळतो, चेहरा नाही.

बॅटरीवरचा कॅमेरा झोपलेला असतो आणि पीआयआरने जागा होतो. जागा होऊन चित्रण सुरू व्हायला सेकंद-दोन सेकंद जातात, तोवर माणूस पाठमोरा झालेला असतो. कॅमेरा वाटेवर आडवा न ठेवता वाटेच्या लांबीला तिरपा ठेवला की माणूस जास्त वेळ चौकटीत राहतो. रात्रीच्या दिव्यांत ८५० नॅनोमीटरचा प्रकाश दूरवर पोचतो, पण लालसर ठिणगीसारखा दिसतो आणि कॅमेऱ्याची जागा उघड करतो. ९४० नॅनोमीटरचा दिसत नाही, पल्ला मात्र कमी. लपवायचा असेल तर दुसरा, दाखवूनच धाक घालायचा असेल तर पहिला.

डेटाचा हिशेब करून ठेवावा. २० सेकंदांची एक चित्रफीत सेकंदाला दीड मेगाबिट वेगाने पावणेचार मेगाबाइटची होते. दिवसाला ४० वेळा कुत्रं-मांजर गेलं तर १५० मेगाबाइट. फोनवर थेट दृश्य तासभर पाहिलं, तर सेकंदाला १ मेगाबिटनेही ४५० मेगाबाइट. चित्रं कार्डातच राहत असतील तर चोर कॅमेऱ्यासकट पुरावा नेतो, म्हणून इशारा मिळताच निदान एक स्थिर चित्र बाहेर पाठवणारा कॅमेरा घ्यावा. डब्यावर धूळ-पाण्यापासून बचावाचा आयपी ६५ किंवा वरचा दर्जा असावा, आणि पॅनेल धूळ पुसायला हात पोचेल इतकंच उंच.

दिव्यांबद्दल थोडक्यात: जिथे बघणारं कुणी नाही तिथे रात्रभर जळणारा दिवा चोरालाच उजेड देतो. हालचालीने लागणारा, घराच्या खिडकीतून दिसणारा दिवा असेल तर तो लावावा.

खुणा आणि ट्रॅकर

यंत्राच्या सांगाड्यावर, दिसेल अशा आणि न दिसेल अशा दोन्ही जागी क्रमांक कोरून ठेवावा, आणि अनुक्रमांकाच्या पाटीचे फोटो शेडबाहेर, फोनमध्ये किंवा मेलवर ठेवावेत. माल सापडला तरी तो आपलाच आहे हे दाखवता न आल्याने परत मिळत नाही. ट्रॅक्टर-क्वाडसाठी जीपीएस आणि सिम असलेला, गाडी हलली की जागा होणारा ट्रॅकर घ्यावा. ॲपलच्या एअरटॅगसारख्या ब्लूटूथ खुणा आसपासच्या लोकांच्या फोनवर अवलंबून असतात. निर्मनुष्य भागात त्या तासन्‌तास गप्प राहतात, आणि पाठलागविरोधी सूचनेमुळे चोराच्याच फोनवर त्यांचा पत्ता लागू शकतो. स्वस्त आहेत म्हणून दुय्यम म्हणून लपवाव्यात, भरवसा ठेवू नये.

शेड फुटलीच तर आत पाऊल टाकण्याआधी फोटो काढावेत, पोलिसांना कळवावं, पहारीच्या खुणा आणि टाकून दिलेलं कुलूप हाताळू नये. मग त्याच दिवशी दार बंद करायची सोय करावी. एकदा फुटलेली जागा पुन्हा फुटण्याचा धोका वाढलेला असतो, आणि नवीन सामान आलं असेल हा अंदाज चोरालाही असतो. म्हणून आधी कडी आणि पिंजरा, मगच त्यात नवीन यंत्र. जुन्या किल्ल्यांपैकी एकही हरवली असेल तर सगळी कुलपं बदलावीत. एकाच किल्लीने उघडणारा संच वापरात असेल तर हा खर्च मोठा होतो, त्यामुळे असा संच तीन-चार दारांपुरताच ठेवावा आणि पिंजऱ्याची किल्ली त्यातून वेगळी असावी.

गुरांच्या गोठ्याला हे सगळं जसंच्या तसं लावू नये. आग लागली तर तिथे किल्ली शोधण्यात जाणारा वेळ जनावरांच्या जिवावर बेततो. गोठ्याच्या दाराला आतून आणि बाहेरून हाताने उघडणारी, गुरांच्या तोंडाला न सरकणारी जड कडी असावी, कुलूप वाटेवरच्या फाटकाला घालावं. गोठ्याच्याच दाराला कुलूप घालणं भाग असेल, तर जादा किल्ली आकड्यांच्या पोलादी पेटीत, दारापासून लांबच्या भिंतीवर, आतून बोल्ट मारून ठेवावी आणि त्या पेटीचा आकडा घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला व सगळ्यात जवळच्या शेजाऱ्याला पाठ असावा.